विमानाच्या शेपटीतली कोळ्याची गाठ

शिवडी कोळीवाड्यातले हिराजी नाखवा यांच्यावर अन्याय झाला आहे. तो केव्हा झाला तेही सांगतो, म्हणजे मागाहून कुणी ‘नक्की आठवत नाही’ म्हणायला नको. आपलं मराठी राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षी, नारळी पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता. जागा म्हणजे शिवडीच्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावरची इंजिनिअरची खोली. खोलीत कंपनीचे शेठ होते, सरकारी तपासनीस होते, आमचे चीफ इंजिनिअर कोठारे साहेब होते आणि कागद सांभाळणारा कारकून होता. तो कारकून मी.

कंपनीचं नाव छापायला संपादकांनी नकार दिला. कंपनी बुडाली, विमानं मोडीत गेली, पण वकील शाबूत आहेत असं ते म्हणाले. ठीक आहे, ‘आमची कंपनी’ म्हणू. ज्यांनी ओळखायचं ते ओळखतील.

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी पेन्शनरांनी लिहायच्या असतात. मी सत्तावीस वर्षांचा आहे, गिरगावात राहतो, आणि आजवर माझ्या हातून छापून निघाली ती फक्त पत्रकं. वर मोठ्या टाइपात ‘जाहीर सवाल’, खाली आमच्या वॉर्डातल्या समितीचं नाव. त्यामुळे गोड गोड लिहिणं जमणार नाही. पण मी जे पाहिलं ते निषेधाच्या भाषेत मावत नाही, हीसुद्धा माझी अडचण आहे.

लढाई संपली तेव्हा सैन्याची डकोटा विमानं विक्रीला निघाली. शेठनी चार उचलली. पुढे वेळापत्रकाची विमानसेवा सरकारने स्वतःकडे घेतली आणि आमच्यासारख्यांना उरलं ते भाड्याचं काम. गिऱ्हाईक सांगेल तेव्हा, सांगेल तिथं, थेट टॅक्सीसारखं. आखातात हापूसच्या पेट्या, राजकोटला वऱ्हाड, कलकत्त्याला शर्यतीचे घोडे. घोड्यांबरोबर एक माणूस भरलेलं पिस्तूल घेऊन बसायचा, कारण घोडा हवेत बिथरला तर विमान फोडील. पिस्तूल कधी चाललं नाही. एकदा उलट झालं. घोडा शांत उभा आणि पिस्तूलवालाच ओकून अर्धमेला. उतरताना घोड्याच्या मानेला मिठी मारून तो खाली आला म्हणे.

विमानांना कागदावर नुसती अक्षरं होती. कामगारांनी त्यांना माणसांसारखी नावं ठेवली. सगळ्यात जुनी ती थोरली. घोडे वाहायची ती घोडेवाली. जिची दारं खडखडायची ती बोलकी. आणि डावं चाक जरा दबून बसायचं, म्हणून चौथी लंगडी. ही कथा लंगडीची आहे.

बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण डकोटाची शेपटी कापडाची असते. म्हणजे अख्खी नाही. शेपटीचा जो भाग हलतो आणि विमानाला डावं-उजवं वळवतो तो. आमच्याकडे त्याला सुकाणूच म्हणत, होडीचं असतं तसं. दोन पुरुष उंचीचा ॲल्युमिनियमचा सांगाडा, त्यावर दोन्ही बाजूंनी ताणलेलं सुती कापड, आणि कापडावर डोप नावाच्या लुकणाचे हात. पिकल्या केळ्यासारखा त्याचा वास. डोप सुकला की कापड आक्रसतं आणि असं ताठ होतं की टिचकी मारली तर ढोलकीसारखं बोलतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी कोठारे साहेबांनी मला टिचकी मारायला लावली. मी लालबाग-परळच्या गिरण्यांवर पत्रकं वाटत हिंडलेला माणूस. कापड म्हणजे साच्यावरून उतरतं, तागे होतात, दुकानात जातं, एवढंच मला माहीत. तेच कापड एकवीस माणसांना समुद्रावरून वळवून आणतं हे ऐकून मी गप्प झालो. माझ्या ओळखीची माणसं सांगतील, ही सोपी गोष्ट नाही.

सांताक्रूझच्या विमानतळावर आमची शेड होती, पण कापडाचं काम शिवडीला. तिथं शेठचं जुनं गोदाम होतं आणि शेडमध्ये आगीच्या भीतीने डोप ठेवू देत नसत. सुकाणू उतरवून ट्रकवर घालायचं, शिवडीला आणायचं, जुनं कापड फाडायचं, नवं चढवायचं. कापड सांगाड्याच्या प्रत्येक फासळीला दोऱ्याने टाचायचं असतं. टाके ठरल्या अंतरावर आणि प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ, म्हणजे एक तुटला तरी शेजारचा सुटत नाही. पुस्तकात त्या गाठीचं चित्र होतं. आमच्या फिटरांनी महिनाभर ते चित्र उलटंसुलटं धरून पाहिलं. गाठ बसायची, पण विमान धडधडलं की सैल व्हायची.

कोठारे साहेब ठाकुरद्वारच्या जुन्या घराण्यातले, बोलणं मोजकं, शर्टाची इस्त्री संध्याकाळपर्यंत टिकणारी. जेवणाच्या सुट्टीत ते शिवडी बंदरावर चालायला जात. तिथं एक म्हातारा कोळी उपड्या होडीला टेकून जाळं विणत बसलेला त्यांनी पाहिला. साहेब थांबले. मग खाली चिखलात उकिडवे बसले आणि पाहतच राहिले. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक घेऊन गेले. नाखव्यांनी चित्र पाहिलं, हसले आणि म्हणाले, हे चित्र काढणारा डावरा दिसतो, ह्यानं उलटं काढलंय. साहेबांनी मला नंतर दाखवलं. पुस्तकात त्या गाठीला नावसुद्धा मासेमारीच्या जाळ्याचंच दिलेलं होतं. सातासमुद्रापलीकडे ज्यांनी विमान बनवलं त्यांनी गाठ कोळ्यांकडून उचलली, आणि आम्ही ती शोधत महिनाभर पुस्तकात डोकं घालून बसलो होतो. कोळीवाडा आमच्या फाटकापासून हाकेवर.

अशा रीतीने हिराजी नाखवा, वय साठीच्या पुढे, होडी मुलांकडे सोपवलेली, आमच्या कंपनीत लागले.

सुकाणू टाचायला दोन माणसं लागतात. सुकाणू उभं करायचं, एकाने या बाजूला बसायचं, दुसऱ्याने त्या. हातभर लांबीची सुई यानं खुपसायची, त्यानं ओढून घ्यायची आणि परत खुपसायची. एका हरताळाच्या दिवशी नाखव्यांचा जोडीदार आला नाही. मी गिरगावातून चालत आलो होतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “कागद नंतर. सुई धरा.” तेव्हापासून ते माझं दुसरं काम झालं.

मधे कापड. माणूस दिसत नाही, नुसती सुई येते आणि जाते. पहिल्या दिवशी पलीकडून आवाज आला, “कनाला थरथरतोस रं मास्तर? कापडाला लागत नाय.” मी कुठल्याच शाळेत मास्तर नव्हतो, पण कागद वाचणारा तो मास्तर, असा त्यांचा हिशेब. मी गाठीचा ताण कमी-जास्त केला की नुसत्या दोऱ्यावरून त्यांना कळायचं. एकदा म्हणाले, आज सभेत भांडून आलास काय? खरंच आलो होतो.

त्यांना आमची मराठी राज्याची चळवळ पटत होती, पत्रकं पटत नव्हती. “तुझ्या कागदावर ‘पाहिजे, पाहिजे’ एवढंच. कसं करायचं ते कुठं लिवलंय?” मी तावातावाने समजावायचो. पलीकडून सुई यायची.

आमच्याच पोरांनी एकदा मला चांगला धडा दिला. लंगडीचं तयार सुकाणू ट्रकवर आडवं बांधून आम्ही सांताक्रूझला निघालो होतो. लालबागला जमावाने ट्रक अडवला. पुढे उभा होता माझाच समितीतला दोस्त, हातात डांबराचा डबा आणि कुंचला. एवढा चकचकीत रुपेरी फळा आयता चालून आलेला, ‘झालाच पाहिजे’ लिहिल्याशिवाय तो कसा सोडणार? मी उतरून सांगू लागलो. तो म्हणाला, “अरे वा, शेठचं मीठ लागलं वाटतं!” मी चिडलो, मालकशाहीवर बोलू लागलो, आवाज चढला. नाखवा ट्रकवरून हळूच उतरले. त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि सांगितलं की सुकाणू गुंजभर इकडचं तिकडं झालं की हवेत फडफडतं, म्हणून शेवटचा हात मारल्यावर साहेब ते तोलून बघतात. “तुझं अक्षर चांगलं जाड हाय. हितं चार अक्षरं लिवलीस तर वरती एकवीस माणसं थरथरतील. कुठं लिवायचं ते तू सांग.”

दोस्ताने डबा खाली ठेवला. मग त्याने सुकाणूला बोटाने टिचकी मारली. तो आवाज ऐकून पाठीमागची सगळी पोरं पुढे झाली, प्रत्येकाला टिचकी मारायची होती. घोषणा त्यांनी ट्रकच्या दोन्ही फाळक्यांवर लिहिल्या आणि आम्हाला रस्ता करून दिला. माझ्या भाषणाने झालं नसतं.

शिवाजी पार्कच्या एक वृद्ध बाई होत्या, डॉक्टरांच्या पत्नी. आता हयात नाहीत. शेजारपाजारच्या निवृत्त मंडळींना जमवून त्यांनी द्वारकेसाठी विमान ठरवलं, आणि शेपटीला कापड असतं हे कुणीतरी सांगितल्यावर बसायला साफ नकार दिला. कोठारे साहेब त्यांना घेऊन थेट शिवडीला आले. नाखव्यांनी अर्धवट टाचलेल्या सुकाणूचा एक दोरा त्यांच्या हातात दिला आणि ओढा म्हणाले. बाईंनी ओढला. चप्पल काढून, पाय रोवून पुन्हा ओढला. मग पदराने कपाळ पुसून विचारलं, “हे तुम्ही कुठं शिकलात?” नाखवा म्हणाले, “मासली शिकवते. ढिली गाठ तिला पयली कलते.” बाई दुसऱ्या आठवड्यात द्वारकेला जाऊन आल्या.

आता चूक सांगतो. चूक नाखव्यांची होती, ती झाकणार नाही.

मुंबईच्या पावसाळ्यात सुती दोरा कुजतो. आमच्या सुकाणूंचे टाके दर वर्षी भाद्रपदापर्यंत काळे पडत. पुस्तकात उपाय एकच, दोऱ्याला मेण. नाखव्यांनी दोन पावसाळे पाहिलं आणि मग जाळ्याला करतात तेच केलं. ऐनाच्या झाडाची साल उकळली, दोरा त्यात बुडवून वाळवला, वरून मेण लावलं. कोळ्याच्या दृष्टीने यात विचारण्यासारखं काही नव्हतं. न रंगवलेला दोरा पाण्यात सोडणं हाच त्यांच्याकडे आळशीपणा. मला त्यांनी तपकिरी दोरा दाखवला, कोठारे साहेबांनाही दाखवला. साहेबांनी तो ओढून पाहिला, वास घेतला आणि “बघू” म्हणाले. त्यांचं “बघू” म्हणजे हो की नाही, हे आम्ही विचारलं नाही.

कामाच्या कार्डावर छापील रकाना होता: दोरा मेणवलेला आहे काय. मी ‘होय’ लिहिलं. मेण तर होतंच. सालीसाठी रकाना नव्हता.

त्या दोऱ्याने लंगडी दोन पावसाळे उडाली. दोन्ही वेळा नेमाप्रमाणे कापड उघडून पाहिलं. टाके जसेच्या तसे, गाठी दगडासारख्या. मी हात लावून पाहिलं आहे.

याच सुमारास शेठना जेटचं वेड लागलं. पंखा नसलेलं, पेटत्या हवेच्या जोरावर जाणारं नवं विमान. ऑफिसात काचेच्या पेटीत लाकडी जेट आलं. शेठ म्हणत, दोन वर्षांत डकोटा भंगारात आणि आपला सगळा ताफा जेटचा. पहिल्यांदा खरं जेट शिवडीवरून गेलं, परदेशी कंपनीचं, तेव्हा आम्ही सगळे बाहेर धावलो. आवाज एकीकडे आणि विमान भलतीकडेच. पाचरीसारखं पांढरं, पंख मागे टाकलेले. नाखव्यांनी टोपी काढून हातात घेतली. ते दिसेनासं झाल्यावरही ते खाडीकडे पाहत उभे होते.

“ह्याला कापड कुठं असल, सायेब?”

“कुठेच नाही, नाखवा. सगळा पत्रा.”

“शाबास,” ते म्हणाले, आणि आत जाऊन सुई ओवू लागले. स्वतःचं काम संपवणाऱ्या यंत्राला असं ‘शाबास’ म्हणणारा माणूस मी आमच्या कुठल्या सभेत पाहिलेला नाही. मी तरी म्हटलं नसतं.

जेटच्या परवान्यासाठी सरकारने आधी आमच्या चार डकोटा तपासायच्या ठरवल्या. तपासनिसांनी पुष्कळ काही काढलं. थोरलीच्या इंजिनांची मुदत उलटलेली. बोलकीच्या दारांचे कागदच नाहीत. घोडेवालीच्या तळाला गंज. आणि लंगडीच्या सुकाणूत मेणाखाली तपकिरी दोरा. पहिल्या तिन्ही गोष्टी शेठच्या सहीच्या होत्या. चौथीवर कुणाची सही नव्हती, कारण टाचणाऱ्याने सही करायची पद्धतच नव्हती.

म्हणून साडेदहा वाजता खोलीत विषय निघाला तो दोऱ्याचा. नाखव्यांना दारात उभं केलं होतं. शेठ म्हणाले की एका अडाणी माणसाने आम्हा सर्वांना फसवून बिनपरवाना दोरा वापरला. कोठारे साहेब टेबलावरच्या पेन्सिलीकडे पाहत होते. तपासनिसांनी माझ्यापुढे कार्ड ठेवलं आणि विचारलं, “हे तुम्ही भरलंत. दोरा रंगवलेला आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

मी म्हणालो, “नाही.”

चळवळीत मी लाठी खाल्ली आहे, दोनदा आत जाऊन आलो आहे. तिथं पाठीमागे हजारो लोक असतात. इथं पाठीमागे फक्त भिंत होती, आणि मला नोकरी हवी होती. एवढंच खरं आहे. सजवून सांगत नाही.

नाखवा टोपी घालून जिना उतरले. अहवालात लिहिलं गेलं: कामगार हिराजी याने फसवणुकीने सदोष दोरा व गाठी वापरून प्रवाशांचा जीव धोक्यात घातला. गाठींबद्दल कुणीच तक्रार केली नव्हती. तो शब्द कसा घुसला हे मी आजही विचारतो आहे. एका वर्तमानपत्राने नेमकं तेवढंच छापलं. जेटचा परवाना मिळाला नाही, शेठनी त्याचं खापर कोळ्याच्या दोऱ्यावर फोडलं, आणि वर्षाच्या आत कंपनी बंद झाली. थोरली आणि बोलकी पत्र्याच्या भावाने गेल्या. घोडेवाली दुसऱ्या कंपनीने सुट्ट्या भागांसाठी घेतली. लंगडी जुहूच्या गवतात उभी आहे. तिचं सुकाणू तपासणीसाठी काढून नेलं ते परत आलं नाही, आणि लाकडी जेट कुणी नेलं ते मला ठाऊक नाही.

राज्य झालं. आम्ही नाचलो, मीही नाचलो. पुढे काही दिवसांनी मी शिवडी बंदरावर गेलो. नाखवा होडीला टेकून बसले होते, हात रिकामे. आसपास चार जण जाळी दुरुस्त करत होते. मला कळेना. मग त्यांच्या सुनेने सांगितलं, कोळीवाड्यात आता कुणी त्यांना जाळं देत नाही. पेपरात आलंय ना, नाखव्याची गाठ सुटते. अख्ख्या बंदरात ज्याची गाठ दाखला म्हणून दाखवत, त्याच्याकडे पोरंसोरंसुद्धा आपलं हाताने फेकायचं जाळं, फाटका पाग, घेऊन येत नव्हती.

मी समोर बसलो आणि सांगितलं की मी खोटं बोललो.

“ठावं हाय,” ते म्हणाले. “तू ‘नाय’ बोललास तवा तुझा आवाज कसा झाला ते ऐकलं मी. तीन वर्सं कापडाच्या पल्याडून तुला ऐकत होतो.”

मी माफी मागू लागलो. त्यांनी हाताने थांबवलं. “माझ्याशी नको बोलू. त्यांच्याशी बोल. आन् माझ्यासाठी नको, मी म्हातारा. गाठीसाठी बोल. माझ्या बापाची गाठ हाय ती, ती सुटली नाय कधी.”

तपासनिसांच्या सरकारी कचेरीत मी लेखी जबाब दिला आहे: कार्ड मी भरलं, दोरा रंगवल्याचं मला माहीत होतं, कोठारे साहेबांनाही माहीत होतं, नाखव्यांनी काहीही लपवलं नाही. साहेबांनी उशिरा का होईना, खाली सही केली. त्या सहीसाठी मी त्यांच्या घरी चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेला त्यांनी पेन मागितलं आणि म्हणाले, “मी ‘बघू’ म्हणालो होतो. ‘हो’ म्हणायला हवं होतं.” कचेरीने जबाब ठेवून घेतला आणि उत्तर दिलं ते असं. दोरा नियमाबाहेरचा होता तो होताच. पण ‘सदोष’, ‘धोका’ आणि ‘फसवणूक’ हे शब्द काढायचे, तर त्या सुकाणूवर विमान सुखरूप उडालं याचा पुरावा द्या. उड्डाणाच्या वह्या कंपनीबरोबर नाहीशा झाल्या. बुडालेल्या कंपनीतल्या दोन माणसांचा शब्द पुरणार नाही.

पुरावा माझ्याकडे नाही. तो तुमच्याकडे आहे.

राज्य होण्याआधीच्या दोन पावसाळ्यांत सांताक्रूझहून भाड्याच्या डकोटामधून तुम्ही गेला असाल, लग्नाला, देवाला, कामाला, कशालाही, आणि ते विमान जमिनीवर डावीकडे कलून उभं राहत असेल, तर तुम्ही हिराजी नाखव्यांच्या गाठीवर उडालात. बसताना तुम्हाला ते माहीत नव्हतं. आता माहीत झालं आहे. म्हणून हा अंक खाली ठेवा आणि एक कार्ड घ्या. आपलं नाव लिहा, कुठून कुठं गेलात ते लिहा, आणि सुखरूप उतरलो असं लिहून खाली सही करा. अंकाच्या पत्त्यावर टाका, मी ती सगळी कार्डं कचेरीत नेऊन देणार आहे. बरोबर कोण होतं ते आठवत असेल तर त्यांच्या घरी जा आणि त्यांच्याकडूनही लिहून घ्या. मला शाबासकी नको, नाखव्यांना सहानुभूती नको. सही हवी आहे. मी ती वेळेवर दिली नाही. तुम्ही आज द्या.